कडाक्याच्या थंडीतील दैनंदिन जीवन : वर्गाध्यापनासाठी विवेचन

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत पृथ्वीचे कटिबंध शिकविण्याची वेळ आली म्हणजे शीत कटिबंधाचा पाठ बहुधा चार वाक्यांत आटोपतो. तेथे बर्फ असतो, लोक कातड्याचे कपडे घालतात, बर्फाच्या घरात राहतात आणि मासे खातात, एवढे सांगून शिक्षक पुढील पाठाकडे वळतात व मुले ती वाक्ये पाठ करतात. मात्र वर्गात एखादे चौकस मूल असतेच. पाणी गोठते तर तेथील माणसे पितात काय, असे ते विचारते. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही म्हणजे मुलाची जिज्ञासा तेथेच मावळते.

कोकणातील मुलाला खऱ्या थंडीची कल्पना करून देणे सोपे नाही. पौष-माघातील पहाटे कर्जत-खालापूरकडील वाड्यांत गारठा पडतो, शेकोट्या पेटतात, घरातील खोबरेल तेल थिजते; त्याच्या अनुभवातील थंडी ती एवढीच. समुद्राच्या सान्निध्यामुळे पनवेल-उरणच्या बाजूस तिचा जोर आणखी कमी असतो. देशावर निफाडच्या परिसरात पारा बराच खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या करून धूर धरतात. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी पहाटेचे दव क्वचित गोठलेले आढळते. परंतु हीसुद्धा कडाक्याच्या थंडीची केवळ तोंडओळख होय.

तथापि हा विषय रायगड जिल्ह्याला वाटतो तितका परका नाही. जगातील सर्वांत थंड खंडाशी या जिल्ह्याचा फार जवळचा संबंध आहे. त्या संबंधापासून पाठाला प्रारंभ केल्यास मुलांना तो आपला वाटेल.

अलिबाग, पनवेल आणि अंटार्क्टिका

पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे. त्याच्या शक्तीत क्षणोक्षणी होणारे सूक्ष्म बदल मोजण्याचे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चालत असे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम सुरू करण्याचे घाटू लागले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय उपकरणांच्या नोंदी बिघडतात. म्हणून कुलाबा वेधशाळेचे तत्कालीन संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत १९०४ साली ही नोंद अलिबाग येथे सुरू झाली. तेथील इमारतींसाठी लोखंडाचा अंश नसलेला पोरबंदरी दगड वापरण्यात आला. हेच काम पुढे नेणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेस १९७१ साली स्वायत्त रूप प्राप्त झाले. तिचे मुख्यालय आज नवी मुंबईत, नवीन पनवेल येथे आहे.

पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा ध्रुवप्रदेशांत जमिनीकडे वळून एकत्र येतात. सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण त्या रेषांच्या अनुरोधाने तेथे खाली उतरतात आणि त्यांच्यामुळे आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे रंगीत पडदे दिसतात. अशा घटनांचा अभ्यास करण्यासाठी उपकरणे ध्रुवप्रदेशातच ठेवावी लागतात. म्हणून पनवेलच्या या संस्थेतील कार्यकर्ते भारतीय अंटार्क्टिका मोहिमांतून तेथे जातात व उपकरणांची राखण करीत थंडीचे महिने काढतात. नवी मुंबईच्या दमट हवेत वावरलेला माणूस अशा रीतीने पृथ्वीच्या टोकावरील हिवाळ्यास सामोरा जातो.

भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. तिच्यात २१ जण होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ती अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. अदिती पंत व डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. भारतीय मोहिमेतून त्या खंडावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया त्याच. डॉ. पंत यांचा जन्म नागपूरचा असून त्या पुणे विद्यापीठाच्या पदवीधर होत. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले भारतीय ठाणे उभारण्यात आले. पुढे १९८९ साली ‘मैत्री’ आणि २०१२ साली ‘भारती’ ही ठाणी उभी राहिली. या मोहिमांची व्यवस्था आज गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते.

तेथील थंडीचे स्वरूप

अंटार्क्टिकाचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली असून त्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास भरते. सूर्याचे किरण तिरपे पडतात, आणि जी काही उष्णता पोचते तिचा मोठा भाग पांढरा बर्फ परत फेकतो. तेथील व्होस्टोक या ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मैत्री ठाणे किनारपट्टीच्या बाजूस, शिर्माखेर नावाच्या बर्फमुक्त खडकाळ पट्ट्यात असल्याने तेथील हवा इतकी निष्ठुर नाही. तरीही हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत व कधी त्याच्याही खाली जातो.

येथे गणिताची जोड सहज देता येते. जानेवारीच्या पहाटे पनवेलला १५ अंश तापमान असेल, तर मैत्रीच्या हिवाळ्यातील उणे ३० अंश हे त्यापेक्षा ४५ अंशांनी खाली आहे. फळ्यावर संख्यारेषा काढून शून्याच्या दोन्ही बाजू दाखविल्यास ऋण संख्येचा अर्थ मुलांच्या ध्यानात पक्का बसतो.

थंडीला वाऱ्याची साथ मिळाली म्हणजे तिचे रूप पालटते. अंगालगत हवेचा एक पातळ उबदार थर असतो. वारा तो थर सतत उडवून लावतो. उणे २० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी वारा नसलेल्या ठिकाणच्या उणे ३४ अंशांसारखी जाणवते. हिमवादळात तर हातभर अंतरावरील दिसत नाही. दोन इमारतींच्या मध्ये दोर बांधलेला असतो व तो धरूनच चालावे लागते. दोर सोडून चार पावले भलत्या बाजूस पडली, तर दाराशेजारी माणूस प्राणास मुकू शकतो.

ऋतू तेथे उलटे असतात. जूनमध्ये कोकणात पावसाची झड लागलेली असते तेव्हा मैत्रीवर ऐन हिवाळा असतो. मेच्या अखेरीपासून सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. मध्यान्हीच्या सुमारास थोडा संधिप्रकाश दिसतो इतकेच. उलट नोव्हेंबर ते जानेवारी या काळात सूर्य मावळत नाही.

शरीर थंडीशी कसे झुंजते

निरोगी माणसाच्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश असते आणि ते टिकविण्याची शरीराची सारखी धडपड चालते. गारठा लागताच हातापायांच्या कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात व रक्त हृदय, फुप्फुसे, मेंदू यांच्याकडे राखून ठेवले जाते. म्हणून बोटे, कान व नाकाचा शेंडा ही प्रथम गार पडतात. त्यानंतर हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी उष्णता निर्माण करण्यासाठी आपोआप केलेले काम होय.

आतील तापमान ३५ अंशांखाली उतरले की धोका सुरू होतो. माणूस अडखळतो, बोलणे अस्पष्ट होते, हातातील वस्तू गळतात, झोप येऊ लागते. पुढे पुढे हुडहुडी थांबते. ती थांबली म्हणजे माणूस बरा झाला असे पाहणाऱ्यास वाटण्याचा संभव असतो; वस्तुतः शरीराची शक्ती संपत आल्याचे ते लक्षण असते.

दुसरा अपाय हिमदंशाचा. कातडी व तिच्याखालील मांस गोठून पांढरे, कठीण व बधिर होते. बधिरपणामुळे ज्याला हिमदंश होतो त्याला तो कळत नाही. म्हणून बाहेर जाताना एकट्याने जावयाचे नाही, आणि बरोबरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पांढरा डाग दिसतो का हे मधूनमधून पाहावयाचे, असा तेथे दंडक असतो. स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही. तो दुसऱ्याने पाहावा लागतो.

पोषाख

एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक घातलेले तीन कपडे अधिक ऊब देतात, कारण ऊब मुख्यतः कपड्यांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे राहते. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी ऊबदार होते ती याच कारणाने. हिमप्रदेशात अंगालगतचा थर घाम बाहेर टाकणारा, मधला लोकरीचा किंवा तत्सम ऊब धरणारा, आणि सर्वांत बाहेरचा वारा अडविणारा असतो. सुती कपडा अंगालगत घालीत नाहीत. तो घाम शोषून ओलाच राहतो.

ओलावा हा थंडीतील मोठा शत्रू होय. म्हणून अंगमेहनतीचे काम सुरू होताच एखादा थर उतरवून ठेवतात व काम थांबताच तो पुन्हा चढवितात. पाचही बोटे एकत्र राहतील असे हातमोजे सुट्या बोटांच्या मोज्यांपेक्षा अधिक उबदार असतात. बूट घट्ट असून चालत नाहीत, कारण त्याने रक्ताभिसरण अडते. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या किरणांनी डोळे दुखावतात, म्हणून काळा चष्मा आवश्यक असतो. गोठलेल्या धातूला उघडा हात लावला तर कातडी त्यालाच चिकटते.

निवास, पाणी व अन्न

दक्षिण गंगोत्री हे ठाणे बर्फाच्या थरावर बांधले होते. ते हळूहळू बर्फाखाली गाडले गेले व राहण्यासाठी सोडून द्यावे लागले. त्या अनुभवातून मैत्रीसाठी खडकाळ जागा निवडण्यात आली व इमारत लोखंडी खांबांवर उचलून धरण्यात आली. त्यामुळे वाऱ्याबरोबर येणारा हिम खालून निघून जातो. भारती ठाण्याची इमारत जहाजी मालपेट्या जोडून त्यांवर कवच चढवून उभारली आहे.

आता त्या चौकस मुलाच्या प्रश्नाकडे वळावे. मैत्रीजवळ प्रियदर्शिनी नावाचे सरोवर आहे. हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग गोठतो, परंतु खाली पाणी राहते. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते; त्याहून थंड पाणी हलके होऊन वर येते व वरच्यावर गोठते. बर्फ पाण्यावर तरंगतो आणि खालच्या पाण्यावर पांघरुणासारखा पसरून राहतो. हेच खालचे पाणी पंपाने ओढून, वाटेत गोठू नये म्हणून तापविलेल्या नळांतून ठाण्यात आणले जाते.

विजेसाठी व उबेसाठी इंधन लागते. साधे डिझेल कडक थंडीत घट्ट होऊन नळीत अडते, म्हणून तेथे थंडीत न थिजणारे खास इंधन नेतात. मुलांना हे समजावयास खोबरेल तेलाच्या बाटलीइतके चांगले उदाहरण नाही. हिवाळ्यात तीच बाटली उन्हात ठेवावी लागते, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते.

आगीचे भय तेथे फार असते. हवा अत्यंत कोरडी, वारा प्रबळ, आणि विझविण्यास लागणारे पाणी बहुतांशी गोठलेले. भर हिवाळ्यात निवारा जळाला तर मदतीस जहाज पोचू शकत नाही. म्हणून आगीवरील पहारा व तिच्या कवायती तेथे कसोशीने पाळतात.

शरीर तापते ठेवण्यास अन्नही अधिक लागते; तूप, तेल, सुकामेवा यांचा वापर वाढतो. ताजी भाजी दुर्मिळ असते. कोरड्या हवेत श्वासावाटे शरीरातील पाणी बरेच कमी होते, परंतु थंडीमुळे तहान लागत नाही. म्हणून ठरवून पाणी प्यावे लागते. केरकचराही तेथे टाकावयाची मुभा नाही. १९५९ च्या अंटार्क्टिका कराराला पूरक म्हणून १९९१ साली झालेल्या पर्यावरणविषयक मसुद्यानुसार तो बांधून परत आणावा लागतो.

मनाची तयारी व दिनक्रम

मोहिमेवर जाणाऱ्यांची प्रथम वैद्यकीय तपासणी होते. त्यानंतर उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत त्यांना बर्फावर चालण्याचे व राहण्याचे शिक्षण मिळते. परंतु हिवाळ्यात खरी कसोटी लागते ती मनाची. मैत्रीवर हिवाळ्यात सुमारे पंचवीस माणसे असतात. दोन महिने सूर्य नाही, बाहेर पडणे बेताचे, आणि तेच ते चेहरे. झोपेचे वेळापत्रक कोलमडते, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते.

यावर तेथे योजलेले उपाय शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. उठणे, जेवण, काम व झोप यांच्या वेळा घड्याळाने बांधून घेतात. स्वयंपाकघरातील मदत व साफसफाई पाळीपाळीने सर्वांच्या वाट्यास येते. शास्त्रज्ञ, डॉक्टर किंवा यंत्रकार असा भेद तेथे चालत नाही. सणवार एकत्र साजरे होतात. २१ जूनच्या सुमारास मध्यहिवाळ्याचा उत्सव होतो व निरनिराळ्या देशांची ठाणी एकमेकांस शुभेच्छा पाठवितात. एकट्याने कोपरा धरून बसणाऱ्या सोबत्याकडे लक्ष ठेवणे हे प्रत्येकाचे काम समजले जाते.

वर्गात करावयाचे प्रयोग

पहिला प्रयोग : मुलांनी एका हाताचा मागचा भाग ओला करावा व दोन्ही हातांवर फुंकर घालावी. ओला हात अधिक गार लागतो. वारा व ओलावा यांचे कार्य यावरून कळते.

दुसरा प्रयोग : सारख्या आकाराच्या तीन भांड्यांत सारखेच गरम पाणी घेऊन झाकण ठेवावे. एक उघडे ठेवावे, दुसरे कोरड्या लोकरी कापडात व तिसरे ओल्या कापडात गुंडाळावे. दर दहा मिनिटांनी तापमापकाने नोंद घ्यावी. कोरड्या लोकरीतील पाणी अधिक काळ गरम राहते, ओल्या कापडातील त्यामानाने लवकर निवते. नोंदींचा तक्ता मुलांकडूनच करवून घ्यावा. गरम पाणी मात्र शिक्षकांनी स्वतः ओतावे.

पाठ घेताना एक चूक कटाक्षाने टाळावी. अंटार्क्टिकावर मूळ वस्ती नाही. बर्फाची घरे बांधणारे लोक व पांढरी अस्वले उत्तर ध्रुवाकडे, तर पेंग्विन दक्षिणेकडे. एकाच चित्रात अस्वल व पेंग्विन शेजारी शेजारी काढलेले असल्यास ते मुलांनाच दुरुस्त करावयास सांगावे.

आपल्या शाळेतील थंडी

हे सारे ज्ञान दूरच्या प्रदेशापुरते ठेवण्याचे कारण नाही. माणूस थंडीने आजारी पडण्यास बर्फ लागतोच असे नाही. ओले कपडे, वारा व रिकामे पोट ही तीन एकत्र आली म्हणजे कोकणातील गारठाही लहान मुलास बाधतो. दूरच्या वाडीवरून किंवा वीटभट्टीवरून पहाटे निघालेले मूल दवाने भिजलेल्या गवतातून चालत शाळेत येते. त्याच्या अंगावर एकच सुती सदरा असतो आणि बहुधा त्याच्या पोटात काही नसते. असे मूल पहिल्या तासाला पाटीवर नीट लिहीत नाही, प्रश्नाला उत्तर देत नाही, पेंगते. त्याला आळशी म्हणण्याआधी शिक्षकांनी त्याची बोटे हातात घेऊन पाहावीत. गारठलेल्या बोटांना पेन्सिल धरता येत नाही.

पुढील गोष्टी कोणत्याही खर्चावाचून करता येण्यासारख्या आहेत. थंडीच्या दिवसांत परिपाठ सावलीऐवजी कोवळ्या उन्हात घ्यावा व त्यास थोड्या कवायतीची जोड द्यावी. ओला सदरा किंवा ओले मोजे काढून वाळत घालावयास लावावे. शाळेत एकदोन कोरडी कांबळी किंवा चादरी जपून ठेवाव्यात. निवासी शाळांत रात्री दोन मुलांचे पांघरूण एकत्र करून दुहेरी करावे, आणि जमिनीचा गारवा वर येऊ नये म्हणून अंगाखालीही जाड अंथरूण घालावे.

एका गोष्टीचा इशारा गावातील पालकांपर्यंतही पोचविला पाहिजे. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे प्राणघातक आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. मुलांनी हे घरी जाऊन सांगावे, असा गृहपाठच द्यावा.

मूल फार काकडलेले आढळल्यास त्यास वाऱ्यापासून आत न्यावे, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, शुद्धीवर असल्यास कोमट गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत व आगीच्या अगदी जवळ धरू नयेत. मूल पेंगत असेल, बरळत असेल किंवा त्याची हुडहुडी थांबून ते मलूल होत असेल, तर ऊब देत देत विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

मैत्रीवरील पंचवीस माणसे परस्परांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवून हिवाळा पार पाडतात. वर्गातील पंचवीस-तीस मुलांना तसा सोबती शिक्षकच असतो. हजेरी घेताना नाव पुकारून ‘हजर’ हा शब्द ऐकण्याबरोबरच प्रत्येक चेहऱ्याकडे एकवार पाहण्याचा परिपाठ शिक्षकांनी थंडीच्या दिवसांत ठेवावा. त्यास वेळ अगदी थोडा लागतो.